वारा पडेपर्यंत

भिंगारेकाकांची आणि माझी ओळख भांडणातून होता होता राहिली. फरीदाबादच्या त्या नव्या सेक्टरात राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. सामानातला पेंढा, जुने कागद, फुटकी खोकी असा ढीग मी फाटकाशी रचला आणि काडी ओढणार, एवढ्यात शेजारच्या कुंपणभिंतीपलीकडून आवाज आला, "थांबा हो जरा."

एक उंच, वाळके, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ हातात वेताची काठी घेऊन उभे होते. काठीच्या टोकाला हातभर पांढरा दोरा बांधलेला. त्यांनी काठी गळ टाकल्यासारखी पुढे धरली, दोऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता नको. वारा समोरच्या नाडकर्ण्यांच्या कपड्यांकडं चाललाय. अर्ध्या तासानं पेटवा."

सरकारी नोकरीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला कोणी 'आत्ता नको' म्हटलं तर राग येत नाही, त्याला ते ऐकायची सवय असते. मी काडीपेटी खिशात टाकली. अर्ध्या तासानं ते खरोखरच परत आले, काठी पुढे धरली. दोरा सरळ खाली लोंबत होता. "हं, पेटवा," म्हणाले. मग जाळ विझेपर्यंत तिथंच उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "मी शांतवन भिंगारे. मूळ नगरकडचा. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात होतो सव्वीस वर्षं. तुमचा चहा झाला का?"

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. कचेरीत ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉटचे, फ्लॅटचे, हप्त्यांचे विषय होते. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये जन्म काढायचा आणि निवृत्तीनंतर ट्रकमध्ये सामान भरून गावी जायचं, हा आमच्या आधीच्या पिढीचा शिरस्ता मोडत चालला होता. गव्हाच्या शेतांत चुन्याच्या रेघा मारून सेक्टर पाडले जात होते आणि आमच्यासारखे दहा-बारा मराठी संसार त्या रेघांच्या आत येऊन पडले होते. घरांपेक्षा रिकामे प्लॉटच जास्त. रांगेच्या मागं अजून शेतं होती, त्यांत म्हशी चरायच्या, आणि आमच्या गच्चीवर केबलची छत्री होती.

भिंगारेकाकांचं घर रांगेतलं शेवटचं. त्यांच्या पश्चिमेला रिकामा प्लॉट, पूर्वेला आम्ही. ते शेतीखात्याच्या एका संशोधन केंद्रात तांत्रिक सहाय्यक होते आणि त्यांची सगळी नोकरी तणनाशकांच्या विभागात गेली होती. कोणत्या औषधानं कोणतं तण किती दिवसांत मरतं, हे बघत फिरायचं. "तीस वर्षं मी मारत फिरलो, आता जरा जगवून बघतो," असं ते कुंडीत माती भरता भरता म्हणायचे. पत्नी, करुणाबाई, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी गेल्या. मुलगी आर. के. पुरममध्येच, जावई केंद्र सरकारात. काका इथं एकटे राहायचे, स्वतः भाकरी थापायचे आणि ती कडेला करपली की बिल्कुल तशीच हवी होती, असं सांगायचे.

रोज सकाळी उठल्यावर ते आधी अंगणात येऊन दोरा धरायचे आणि खिशातल्या डायरीत वाऱ्याची दिशा लिहायचे. आता ना नोकरी, ना फवारणी, ना साहेब. तरी लिहायचे. सेक्टरातली पोरं त्यांना 'हवावाले अंकल' म्हणायची. क्रिकेट सुरू करण्याआधी एखादं पोर मुद्दाम विचारायचं, "अंकल, आज हवा किधर की है?" काका गंभीरपणे दोरा धरून सांगायचे आणि तो पोरगा गोलंदाजीची बाजू ठरवायचा. थट्टा कोण कुणाची करतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्यापुढं कुठल्याही झाडाला वाईट बोलायची सोय नव्हती. प्लॉटवर गाजरगवत माजलं होतं. त्याच्या पांढऱ्या फुलांनी आमच्या सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, शिंकांचा त्रास व्हायचा, अंगावर पुरळ उठायचं. मी एकदा त्या गवताला शिवी हासडली. काका म्हणाले, "शिवी कशाला देता? ते आपल्या जागी नाही, एवढाच त्याचा गुन्हा. तसे आपणही कुठं आहोत, पाटणकर? तुम्ही साताऱ्याचे, मी नगरचा. इथल्या गुज्जर शेतकऱ्यांचा गहू होता इथं." मग स्वतःच हातमोजे घालून सुलभाच्या खिडकीजवळचं गवत फुलायच्या आधी मुळासकट उपटून दिलं. तेवढ्यासाठी त्यांना औषध लागलं नाही.

गणपतीच्या दूर्वा त्यांच्याकडूनच यायच्या. आमच्या मंडळात धड दूर्वा ओळखणारं माणूस उरलं नव्हतं. पहिल्या वर्षी पोरांनी लॉनचं कुठलंसं रुंद पात्याचं गवत खुडून आणलं आणि मंडळाचे अध्यक्ष नाडकर्णी यांनी ते भक्तिभावानं वाहायला घेतलं. काका आरतीला मागच्या रांगेत उभे होते. ते हळूच पुढं आले आणि म्हणाले, "नाडकर्णीसाहेब, हे म्हशीला चालेल." दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी आपल्या अंगणातला एक कोपरा दूर्वांसाठी राखला. चतुर्थीच्या सकाळी पोरांना बोलवायचे, तीन पात्यांचा कोवळा शेंडा कसा निवडायचा ते दाखवायचे, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून घ्यायचे. नाडकर्ण्यांची आई सोवळ्याओवळ्याची, पण तीसुद्धा म्हणायची, "भिंगाऱ्यांच्या दूर्वा आल्या का? मग करा सुरू." रविवारी मात्र काका कुणालाच सापडत नसत. सकाळी लवकर बस पकडून ते दिल्लीला चर्चमध्ये जायचे, तिथून मुलीकडे जेवायला आणि संध्याकाळी परत. बारा महिने, आजार-पाऊस काही असो.

आणि घेवडा. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय काकांबद्दल लिहिणं खरं होणार नाही. करुणाबाई लग्नानंतर दिल्लीला आल्या तेव्हा माहेरच्या परसातल्या घेवड्याचं बी पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या होत्या. हिरवी शेंग, तिच्या कडेला जांभळी किनार, आत काळं बी आणि बियाच्या डोळ्यावर पांढरी रेघ. आर. के. पुरमच्या तळमजल्याच्या क्वार्टरमागं त्यांनी तो लावला आणि दर वर्षी बी धरलं. बाजारात मिळणाऱ्या शेंगेला ती चव नव्हती, आणि मी हे शेजारधर्म म्हणून सांगत नाही. पौषात काकांकडून पातेलंभर भाजी यायची, तेव्हा आमच्याकडे एकमेकांच्या ताटात डोकावून बघितलं जायचं.

बाई गेल्यावर ते बी काकांच्या हातात आलं. फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत राखेत घालून ठेवायचे. पण त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं, "एका घरात सगळं बी ठेवू नये. घर म्हटलं की उंदीर आले, पाहुणे आले, म्हातारपण आलं." त्यामुळं थोडं बी दर वर्षी कुणाला तरी लावायला द्यायचे. मुलीच्या क्वार्टरला जमीन नव्हती. त्या वर्षी पाळी आमची आली. आदल्या हिवाळ्यात धुकं फार दिवस राहिलं, कुणाकडंच शेंगा भरल्या नाहीत, हाती आलं ते ओंजळभरही नव्हतं. जूनच्या शेवटी काका आले, माझ्या तळहातावर अकरा दाणे ठेवले आणि म्हणाले, "एवढंच आहे. निम्मं माझ्याकडं लावलंय, निम्मं हे. यंदा शिल्लक काही ठेवलं नाही, जुनं झालं तर उगवत नाही. तुमच्या पूर्वेच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीमागं लावा. तिथं आडोसा आहे."

अकरांतले सात उगवले. त्यांतले तीन वेल तगले. मी रोज ऑफिसला जाण्याआधी पाणी घालायचो आणि काका कुंपणावरून मान उंच करून बघायचे. साताऱ्यात माझ्या वडिलांनी माझ्या अभ्यासाकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

दोऱ्यामागची गोष्ट त्यांनी मला त्याच पावसाळ्यात सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला दिल्लीबाहेरच्या एका गावाच्या कडेला त्यांच्या केंद्राचे प्रयोगाचे गव्हाचे वाफे होते. गव्हातलं रुंद पानांचं तण मारायला औषध फवारायचं होतं. दुपार झाली होती, वारा होता, पण साहेबांना अहवाल पाठवायची घाई. काकांनी फवारा मारला. गव्हाला काही झालं नाही, गहू गवताच्याच जातीचा. बांधापलीकडे एका म्हाताऱ्याचा हरभरा होता. चार दिवसांत हरभऱ्याचे शेंडे पिळवटले, पानं आत वळली. तो म्हातारा पागोट्याच्या फडक्यात चार रोपं गुंडाळून केंद्रावर आला आणि विचारलं, "बेटा, ये कौन-सी बीमारी है?"

"साहेब मागं उभे होते," काका म्हणाले. "ते म्हणाले, लिहा, रोग. मी वहीत लिहिलं, रोग. म्हाताऱ्याला तेच सांगितलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, जीते रहो. पुढच्या वर्षी त्या शेतात त्यानं हरभरा लावलाच नाही. त्याला वाटलं, मातीच आजारी आहे. दुसऱ्याच्या झाडावर गेलेलं औषध परत बोलावता येत नाही, पाटणकर. थेंब तरी दिसतो. उन्हात त्याची वाफ होते, ती दिसतसुद्धा नाही. तेव्हापासून मी आधी दोऱ्याला विचारतो."

मी मान हलवली होती. बरं वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला हे सांगितलं म्हणून.

आता माझी गोष्ट. ती काकांच्या व्यक्तिचित्रात यायला नको होती, पण आली आहे त्याला इलाज नाही.

त्या वर्षी गणपतीचा मांडव काकांच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर घालायचं ठरलं. मी मंडळाचा सेक्रेटरी. प्लॉटवर गाजरगवत कमरेइतकं वाढलेलं. मजूर लावून उपटून घ्यावं तर अंगाला खाज सुटते म्हणून कोणी तयार होईना. बियाण्यांच्या दुकानात आता तणनाशकाच्या लहान बाटल्या मिळायला लागल्या होत्या, आमच्यासारख्या कोठीवाल्यांसाठी, म्हणजे अंगण असलेल्या घरांसाठी. नाडकर्णी म्हणाले, फवारून टाका. मी काकांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त तीन अटी घातल्या. औषध मिठासारखं भुकटीचं आणायचं, तेलकट नाही, तेलकट असतं त्याची वाफ होते. नळीचं तोंड जमिनीजवळ धरायचं, थेंब मोठा पडला पाहिजे. आणि वेळ ते सांगतील.

मंगळवारी सकाळी आम्ही सगळे प्लॉटवर जमलो. काकांनी दोरा धरला. "आज नको." बुधवारी पुन्हा. "आज नको." गुरुवारी दोरा सरळ लोंबतोय असं मला तरी दिसलं, पण काका पाच मिनिटं थांबले आणि दोऱ्याचं टोक जरा हललं. "बघा," म्हणाले. शुक्रवारी पाऊस. शनिवारी नाडकर्णी माझ्या दारात येऊन म्हणाले, "पाटणकर, आपल्याला गवत मारायचंय की रॉकेट सोडायचंय? सोमवारी मांडववाला बांबू घेऊन येणार आहे. तुमच्या हवावाल्या अंकलच्या नादी लागलात तर गणपती जंगलात बसवावा लागेल." आणि हसले. मीही हसलो.

ते हसणं मला अजून टोचतं. काका आमच्या वेलाला कुंपणावरून बघत होते, तेव्हा मी आमच्या फाटकात उभा राहून त्यांच्यावर हसलो.

रविवारी सकाळी काका बसला गेले. जाताना सांगून गेले की नातीचा वाढदिवस आहे, आज मुक्काम तिकडेच, सोमवारी येईन. ते कोपऱ्यावर दिसेनासे झाले आणि मी बियाण्यांच्या दुकानात गेलो. मुद्दाम त्यांची वाट चुकवली असं मी स्वतःला तेव्हा म्हटलं नाही. रविवारच माझ्या सुट्टीचा होता, असं म्हटलं. भुकटीवालं औषध दुकानात नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ये ले जाओ साहब, ये जल्दी काम करता है." ते पिवळसर, तेलकट होतं. मी तेच घेतलं. फवारायला रामफल नावाचा माणूस पाठीवर पंप लावून आला, तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि ऊन कडक झालं होतं.

माझ्याकडे दोरा नव्हता. पण नाडकर्ण्यांच्या गच्चीवर एक पिवळा टॉवेल वाळत होता आणि तो प्लॉटकडून काकांच्या घराच्या दिशेनं फडफडत होता. मी तो पाहिला. हे लिहिताना मला सांगता येईल की मी पाहिला नाही, पण मी पाहिला. "हवा है थोड़ी," मी रामफलला म्हटलं. तो म्हणाला, "हवा तो थोड़ी-बहुत चलती ही है, बाबूजी. हवा रुकेगी तो बंदा मर जाएगा." मी म्हटलं, "चलो, मारो." नळीतून बारीक तुषार उडाला, उन्हात क्षणभर इंद्रधनुष्यासारखा चमकला आणि नाहीसा झाला. एक उग्र वास आला. मी नाकाला रुमाल लावला. अर्ध्या तासात काम संपलं आणि मला फार कर्तबगार वाटलं.

सोमवारी सकाळी पाणी घालायला गेलो. टाकीमागचे तिन्ही वेल बदलले होते. शेंडे पीळ घातलेल्या सुतळीसारखे वळले होते, वरची पानं वाटीसारखी आत मिटली होती. खालची पानं तशीच होती. मी कुंपणावरून काकांच्या अंगणात पाहिलं. त्यांचे वेल जमिनीवर आडवे झाले होते. दूर्वांचा कोपरा मात्र हिरवागार होता.

तिथं मी जे केलं ते फवारणीपेक्षा वाईट होतं. काकांचा वेल प्लॉटला लागून होता. तो जवळ होता म्हणून गेला, पंपाचं तोंड जरा वळलं असेल, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण एक घर ओलांडून माझ्या टाकीमागचा वेल पिळवटला होता. त्यावरून कोणालाही कळलं असतं की वारा होता, आणि चांगला होता. मी तिन्ही वेल मुळासकट उपटले, मागच्या भिंतीपलीकडे कचऱ्यात टाकले, हात धुतले आणि ऑफिसची चार्टर्ड बस पकडली.

संध्याकाळी परत आलो तेव्हा काका त्यांच्या वेलाशी उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत. एक पान बोटांत धरून म्हणाले, "मारलंत काल?"

"हो काका. मांडववाला यायचा होता आज. पण वारा अजिबात नव्हता. अगदी पडला होता."

"हं," ते म्हणाले. पान सोडून दिलं. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली, ती मला बघवेना. "तुमचे वेल? टाकीमागचे? आडोशाला आहेत ना ते."

"ते मी काढून टाकले," मी म्हणालो. "रोग पडला होता. परवाच."

काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. रागानं नाही. कोणीतरी ओळखीचा माणूस फार वर्षांनी भेटल्यावर बघावं तसं. मग म्हणाले, "मीही रोगच लिहिलं होतं."

ते उठले, घरामागं गेले आणि मी तिथंच उभा. थोड्या वेळानं परत आले तेव्हा त्यांच्या हातात माझे वेल होते. त्यांनी ते बादलीतल्या पाण्यात ठेवले, खोडावर अंगठा फिरवत खालपर्यंत आले आणि मला जवळ बोलावून दाखवलं. आवाज अगदी साधा, नवशिक्याला शिकवताना असतो तसा होता. "शेंडाच गेलाय फक्त. हे खालचे डोळे बघा, जिवंत आहेत. लांबवर पोचलं ते थोडंच पोचलं होतं. हात लावला नसता तर पंधरा दिवसांत नवा फुटवा आला असता. हा जगला असता, पाटणकर."

त्या रात्री मी जेवलो नाही. सुलभानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "जाऊन सांगा त्यांना. टॉवेलाचंसुद्धा सांगा." मी म्हटलं, त्यांना कळलंय सगळं. ती म्हणाली, "त्यांना कळणं वेगळं आणि तुम्ही सांगणं वेगळं." मी गेलो नाही. आधी मांडवाचं काम होतं, मग गणपती होता, मग ऑफिसात ऑडिट होतं. न जाणाऱ्या माणसाला कामं पुष्कळ मिळतात.

काकांनी ते तीन वेल सावलीत पुन्हा लावले. वर ओलं पोतं धरलं, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडलं. चतुर्थीच्या सकाळी मला वाटलं, यंदा दूर्वा येणार नाहीत, आणि आल्या नाहीत तर बरं होईल. पण साडेसात वाजता त्यांच्या अंगणात पोरं जमलेली दिसली. मध्ये काका मांडी घालून बसले होते, मागं वाळलेल्या वेलाच्या रिकाम्या दोऱ्या, बाजूला ते पोतं, आणि ते पोरांना सांगत होते, "तीन पाती. बिल्कुल कोवळी. दो बार धोना." त्या औषधानं दूर्वांचं काहीच बिघडलं नव्हतं. गवताच्या जातीला ते लागत नाही. एकवीस जुड्या त्यांनी स्वतः मांडवात आणून नाडकर्ण्यांच्या हातात दिल्या आणि नेहमीसारखे मागच्या रांगेत उभे राहिले. मी आरतीचं तबक घेऊन पुढं उभा होतो. मला सबंध आरतीत मागं वळता आलं नाही.

विसर्जनाच्या आधीच ते वेल गेले. पोतं काढून घडी घालून ठेवलेलं दिसलं, त्यावरून कळलं.

त्यानंतरही काका माझ्याशी बोलायचे. चहा झाला का विचारायचे, सुलभाच्या शिंकांची चौकशी करायचे. पण कुंपणावरून मान उंच करून आमच्या अंगणात बघणं त्यांनी सोडलं. बघायला काही राहिलंच नव्हतं. हिवाळ्यात त्यांनी मुलीकडे जायचं ठरवलं. घर भाड्यानं देणार होते. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, गुडघे दुखतात. मी गावाकडे गेलो तेव्हा नगरच्या बाजूला दोनदा मुद्दाम उतरून बाजार पालथे घातले. जांभळ्या किनारीच्या शेंगा मिळाल्या, काळं बी मिळालं, लावलंही. ते चांगले घेवडे होते. पण तो नव्हता, आणि तो असता तरी मी काय सांगून नेऊन दिला असता, हेही मला ठरवता आलं नव्हतं. पुढं जावयाची बदली झाली, पत्ता बदलला, आणि माणसं शहरात हरवतात तसे काका हरवले. त्यांच्या घरावर आता चार मजले आहेत. प्लॉटवरही. गाजरगवत मात्र रस्त्याच्या कडेनं अजून आहे, ज्याच्यासाठी एवढं केलं ते.

ते सेक्टर सोडून मुलीकडे गेले तो दिवस फाल्गुनातला होता. दिल्लीकडे त्या दिवसांत झाडं पानं टाकतात. मी सकाळपासून वाळका पाचोळा गोळा करून फाटकाशी ढीग रचला होता आणि काडीपेटी घेऊन उभा होतो. आपण पहिल्या दिवशी असेच उभे होतो, हे माझ्या लक्षातही नव्हतं. समोर त्यांच्या सामानाचा टेंपो भरून तयार होता. मुलगी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. काका चढता चढता थांबले, वेताची काठी हातात घेऊन माझ्याकडे आले.

मी म्हणालो, "काका, त्या रविवारी..."

त्यांनी काठी पुढे धरली. नजर दोऱ्याच्या टोकावर. मी थांबलो. कोणी दोरा बघत असताना बोलायचं नसतं, एवढं त्यांनी मला शिकवलं होतं. ते बघत राहिले, मी बघत राहिलो. दोरा सरळ खाली लोंबत होता, जराही हलत नव्हता.

"पेटवा," काका म्हणाले. "आज खरंच पडलाय."

मग ते टेंपोत जाऊन बसले. मी काडीपेटी हातात धरून तसाच उभा राहिलो आणि टेंपो कोपऱ्यावरून वळून मथुरा रोडकडे गेला.